तेवीस नंबर

सकाळचे सहा. मन्सी गावाला अजून उजाडायचंय.
पार्किंगमधल्या बर्फावर कुणीतरी मीठ फेकून गेलंय,
आणि मी खाली तळघरात
गोडाचा हिशेब मांडते.

एकेकाला दोन्ही हातांनी उचलायचं,
स्टीलच्या वाडग्यात ठेवायचं,
आकडे थरथरतात, मग ठरतात.
तीनशे बारा. तीनशे एकोणतीस.
उंदरांना वजनाची लाज वाटत नाही.

दह्याच्या वाट्यांना तीन रंगांची झाकणं:
हिरवं, पांढरं, जांभळं.
एकात खरी साखर, एकात साखरेचं सोंग,
एकात नुसतं दही, आंबट, प्रामाणिक.
कुठल्यात काय, ते मला ठाऊक नसावं असा नियम.
ती यादी वरच्या मजल्यावर, हॅलोरनबाईंच्या खणात कुलूपबंद.

पण आठ आठवडे रोज उचलल्यावर
हाताला कळतंच की.
जांभळ्याचे जड होत चाललेत.
डार्लीन म्हणते, हाताचं सांगू नकोस, काट्याचं लिही.

बाईंना एकदा विचारलं, असं का व्हावं?
त्या म्हणाल्या ते मी माझ्या भाषेत असं समजले:
जीभ वर्दी देते, पाहुणा आला!
आत धावपळ, पानं मांडली, चूल पेटली,
आणि पाहुणा येतच नाही.
असं चारदा झालं
की पोट जिभेचं ऐकेनासं होतं.
मग खरा पाहुणा दारात उभा राहिला
तरी कुणी उठत नाही,
आणि हात मात्र
ताटातच राहतो.
असं असावं, म्हणाल्या बाई. असावं.
दोनदा म्हणाल्या.

घरी श्रीरंग.
डाइनरमधून उचललेल्या गुलाबी पुड्या कोटाच्या खिशात.
चहात तीन, टिचकी मारून, कण न सांडता.
"बघ, पन्नास कॅलऱ्या वाचवल्या."
त्या वाचवलेल्या पन्नासांच्या जिवावर
चेरी पायचा अख्खा तुकडा, वर आइस्क्रीम.
पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवीन भोक पाडलंय,
टोकाच्या बाजूला.
मी बोलत नाही. कोणत्या तोंडानं बोलू?
माझ्या गाडीत डाएट सोड्याचे रिकामे डबे खडखडतात,
आणि लग्नातल्या पोलक्याच्या हुकात नि आकड्यात
आता चार बोटांचं अंतर आहे.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये,
आई सांगायची.
आई, इथे ऊसच नाही गं.
कांडं नाही, मूळ नाही, चिपाडसुद्धा नाही,
नुसती गोडी, पांढरी, वजनाशिवायची.
मग थांबायचं कुठे?

आज शेवटचं वजन.
तेवीस नंबर. जांभळ्या झाकणाचा,
उजवा कान जरासा फाटलेला,
दार उघडलं की पुढे येणारा हा एकटाच.
चारशे अठरा. लिहिलं. सही केली.
मग नियमाबाहेर
अ‍ॅप्रनच्या खिशातून गुळाचा खडा काढला,
कराडहून आलेल्या ढेपेतला, मिऱ्याएवढा.

त्यानं तो दोन्ही हातांत धरला.
हुंगला. मिशा थांबल्या.
फिरवून फिरवून पाहिला,
बाजारात म्हातारी नोट उजेडाला धरते तसा.
खाल्ला नाही.
म्हणजे, मी पाहत होते तोवर तरी नाही.

दारात डार्लीन. "काय दिलंस त्याला?"
"कुठे काय," म्हटलं मी,
अगदी गोड आवाजात.

यादी उद्या उघडेल. जांभळं म्हणजे काय ते तेव्हा कळेल,
किंवा दोन-चार ग्रॅमचा फरक निघेल
आणि बाई पुन्हा म्हणतील, असावं.

संध्याकाळी श्रीरंगच्या चहात
न सांगता साखर घातली. खरी. चमचाभर.
त्यानं घोट घेतला. कप खाली ठेवला.
"आज अगदीच फिका झालाय गं,"
म्हणाला,
आणि कोटाच्या खिशात हात घातला.